बायांच्या चालीचा गिअर

आमच्या प्रफुल्लभावजींना एक खोड आहे. माइक हातात आला की त्यांना जगातलं सगळं कळायला लागतं. मार्चमध्ये विहारात जयंतीची मीटिंग होती. अध्यक्ष अर्थातच तेच, दुसरं कोण! उभे राहिले, घसा खाकरला आणि जाहीर केलं, "गेल्या वर्षी पुलावर गाडी का बसली याचा मी स्वतः शोध लावलेला आहे. त्या गाडीच्या मागच्या हाउसिंगमध्ये फक्त दीडचा गिअर आहे. मी आणि आबांनी मोजलाय."

माझ्या बाजूला माझी सून बसलेली, प्रियांका. तिने तोंडावर ओढणी धरली. खांदे हलत होते. मी तिला कोपराने ढोसलं.

"काय झालं गं?"

"आई, घरी गेल्यावर सांगते."

"आत्ता सांग."

"त्यांनी एकच चाक उचलून मोजलंय," ती कुजबुजली.

मला ओ की ठो कळलं नाही. पण भावजींचं काहीतरी चुकलंय एवढं कळलं, आणि तेवढ्यावर मी खूश झाले.

गाडी आमची आहे. म्हणजे आबांची, माझ्या नवऱ्याची. त्यांना अख्खं मोहने गाव आबा म्हणतं, म्हणून मीपण आबाच म्हणते. ते ज्या कंपनीत कामाला होते ती बंद पडली तेव्हा साहेबलोकांची ही गाडी शेडमध्ये धूळ खात पडलेली. भंगाराच्या लिलावात आबांनी ती उचलली आणि टेम्पोवर चढवून घरी आणली. मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. काळी, लांबलचक, परदेशी, छप्पर उघडणारी, आठ सिलिंडरचं इंजिन, आणि गिअर आपोआप पडणारे. क्लचच नाही तिला. दोन पेडल, बस्स. पेट्रोल असं पिते की बोलायची सोय नाही.

पण त्याच गाडीत दरवर्षी चौदा एप्रिलला बाबासाहेबांची प्रतिमा बसते, पुढे आम्ही बाया पांढऱ्या साड्यांत लेझीम खेळतो, आणि आंबिवलीवरून शहाडचा पूल चढून मिरवणूक कल्याणात जाते. एके काळी ही गाडी आली की आमच्या माणसांना रस्त्याच्या कडेला सरकावं लागायचं. आता रस्ता तिचा आणि आमचा दोघींचा. अभिमान वाटतो मला, सरळ सांगते. त्यात लाजायचं काय?

गेल्या वर्षी मात्र इज्जतीचा फालुदा झाला. प्रियांका गाडी चालवत होती. शहाडच्या पुलाच्या चढावर आम्ही दर चार पावलांवर थांबून खेळत होतो, ऊन मरणाचं, आणि एकाएकी गाडीच्या पोटातून धूर. लालभडक तेल रस्त्यावर सांडलं. गाडी जागच्या जागी गप्प झाली. मग पोरांनी धक्के मारत ती वर नेली, आणि फोटोत प्रतिमेच्या मागे वाकलेल्या पंचवीस पाठी दिसतात.

प्रियांका मूळची ठाण्याची, वर्तकनगरची. तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त करते. लग्नात हळदीच्या दिवशीसुद्धा हिच्या नखांत ग्रीस होतं, माझ्या बहिणीने मला बाजूला घेऊन विचारलेलं, ही मुलगी करते तरी काय. माझा मुलगा रत्नदीप बोटीवर असतो, सहा-सहा महिने घरी नसतो. त्यामुळे घरात आम्ही तिघंच. मी, आबा, ही. आणि तिच्याशी माझं रोज एकदा वाजतं, ते सोडा. पण त्या दिवशी पुलावर भावजी चार जणांत बोलले, "बाईच्या हातात गाडी दिली की असंच होणार." त्या चार जणांत एक मी होते. तीस वर्षं अंगणवाडीत पोरं सांभाळलीत मी. कोण काय बोललं ते माझ्या लक्षात राहतं.

तर मीटिंग. दीडचा गिअर जाहीर करून भावजी म्हणाले, "यंदा प्रतिमा ट्रकवर ठेवायची. ठरलं."

आबा उठायच्या आत प्रियांका उठली. "काका, यंदाचं एक वर्ष द्या. गाडी पूल चढेल, न थांबता नाही, थांबत थांबत चढेल, बायांबरोबर. नाही चढली तर पुढच्या वर्षी ट्रकला फुलं मी बांधीन."

भावजींनी मिशीवरून हात फिरवला. "ठीक आहे. पण स्टिअरिंगवर साईनाथ बसेल."

साईनाथ म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतला, ट्रक चालवतो. माणूस भला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण म्हणजे गाडी उघडायची हिने, हात काळे करायचे हिने, आणि मिरवायचं कुणी? मी बोलायला तोंड उघडलं तर प्रियांकाने माझा हात दाबला.

"बसू दे," ती म्हणाली. "गाडी पुढे राहिली पाहिजे."

मी घरी येईपर्यंत धुसफुसत होते. एवढं शहाणपण बरं नव्हे, मी तिला सांगितलं. ती म्हणाली, आई, आधी गाडी, मग गाडीत कोण.

दुसऱ्या दिवशी बिल्डिंगच्या मागे तिने मला आणि आबांना कामाला लावलं. गाडीची मागची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली. एका चाकाशी मी, दुसऱ्याशी आबा, आणि ती स्वतः खाली सतरंजी टाकून गाडीच्या पोटात.

"दोघांनी चाक एकाच वेळी फिरवायचं," ती खालून ओरडली. "बरोबर एक फेरा. खडूची खूण वर आली की थांबा."

"आबा, पुढे पळू नका," मी म्हटलं.

"तू मागे राहतेस."

"लग्नापासून हेच चाललंय तुमचं."

"तुम्ही दोघं भांडलात तर आकडा चुकेल!" खालून आवाज.

आम्ही फेरा पूर्ण केला. ती बाहेर आली, कपाळावर काळा पट्टा. "तीन. तीन आणि जरासा." मग तिने समजावलं. इंजिनाकडून एक लांब दांडा मागे येतो, तो तीनदा फिरला की चाक एकदा फिरतं. हाच मागचा गिअर. भावजींनी एक चाक खाली ठेवून दुसरं फिरवलं. एक अडलेलं असलं की मोकळं चाक त्याच्याही वाटणीचं फिरून घेतं, म्हणून दांडा निम्माच फिरला. निघालं दीड, आणि त्यांनी ते दीड सगळ्या समाजाला माइकवरून सांगितलं.

आबा गंभीर झाले. मोजताना ते स्वतः होते ना! "जॅक एकच होता," ते म्हणाले. मी हसून हसून बेजार.

"म्हणजे तीन वाईट?" मी विचारलं.

"वाईट नाही. हायवेला उत्तम. परदेशात लांब सरळ रस्ते, गाडी सुसाट सुटणार, इंजिन मात्र शांत. त्यासाठी केलाय. पण आपण हिला चालवतो कुठे? तुमच्या मागे. तुम्ही चालता त्या स्पीडला. चढावर तीनच्या गिअरने चाकाला पुरेसा जोर मिळत नाही, मग मी एक्सलेटर दाबते, गाडी हलत नाही आणि गिअरबॉक्समधलं तेल आतल्या आत घुसळून घुसळून तापतं. गेल्या वर्षी तेच उकळलं."

गेल्या वर्षी तेच उकळलं. एवढं साधं. मी म्हटलं, हे तू तेव्हाच का नाही सांगितलंस चारचौघांत? ती म्हणाली, तेव्हा मलाही नक्की माहीत नव्हतं, गिअरबॉक्स उघडल्यावर कळलं. आणि कोण ऐकणार होतं?

आता हाउसिंगमधला, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या पेटीतला, गिअर बदलायचा ठरलं. पण कोणता? इथून पुढे महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. भाजी आणायला गेलं तरी तोच.

तिने दोन जोड शोधून आणले. तिच्या वर्कशॉपच्या ओळखीने एकाने दिले. एक जीपगाडीतला, चारच्या थोडा वर. दुसरा माल वाहणाऱ्या टेम्पोतला, पाचच्या वर. दोन्ही आमच्या हाउसिंगमध्ये बसवायला काय काय कापावं, घासावं लागणार होतं ते ती आणि तिचा लेथवाला जाणे. दोन्ही वर्तमानपत्रावर आमच्या बाल्कनीत ठेवलेले, आणि मी त्यांच्यावरून उड्या मारत कपडे वाळत घालायची.

मोहन्यात प्रत्येकाचं मत तयार. पाचवाला बसव, वहिनी. जेवढा जास्त तेवढा पिकअप. पाचवाला टाकला तर पूल काय, माळशेज चढेल. पानवाला, रिक्षावाले, जिमवाली पोरं, सगळे एकजात पाचवाले. साईनाथपण पाचवाला. "ताई, पॉवर पाहिजे तर दात पाहिजेत," तो म्हणायचा. भावजी तर पुढच्या मीटिंगमध्ये म्हणाले, "दीडवरून एकदम पाच करा." अजून दीड सोडायला तयार नव्हते!

आणि एकटे आबा तीनवाले. आबांचा जीव वेगात. दर दोन-चार महिन्यांनी सकाळी लवकर उठून ते गाडी नाशिक हायवेला काढतात, पडघ्यापर्यंत जाऊन येतात. परत येतात तेव्हा तोंडावर असं तेज असतं की मी चहात साखर घालायची विसरले तरी कुरकुर नाही. "गिअर बदललास तर ती साठ-सत्तरला बोंबलायला लागेल," ते प्रियांकाला म्हणाले. "त्या गाडीचा रुबाबच तिच्या पळण्यात आहे. बैलगाडी करू नकोस तिची."

"जयंती झाली की परत जुना बसव ना," मी म्हटलं.

"आई, हे कुकरचं झाकण नाही. पुन्हा पुन्हा उघडलं की दातांचं सेटिंग बिघडतं. एकदाच बसवायचा, विचार करून."

आबांनी त्या रात्री दुसरी भाकरी घेतली नाही. मला वाईट वाटलं. दोघंही आपल्या जागी बरोबर, आणि मधे मी वाढपी.

मग एके संध्याकाळी ती आमच्या लेझीमच्या सरावाला आली. विहाराच्या पटांगणात आम्ही वीस-बावीस बाया. मला वाटलं सुनेला अखेर लेझीम शिकायची हौस आली. छे! ती आमच्या मागून चालत होती. नुसती चालत. आम्ही पुढे गेलो की पुढे, थांबलो की थांबली. खेळताना मागे गेलो की मागे. तिच्या हातात चालीचा वेग दाखवणारा फोन, नजर आमच्या पायांवर.

"अगं, बायकांचे पाय काय बघतेस?" आमची एक जण म्हणाली.

"गाडीचं माप घेतेय, मावशी."

नंतर तिने मला एकटीला रस्त्यावर चालवलं. आंबिवलीच्या चढावर, वर, परत खाली, परत वर. आई, दमल्यावर चालता तसं चाला. आई, उन्हात चालता तसं चाला. मी म्हटलं, उन्हात चालते तसं आता संध्याकाळी कसं चालू, डोकं फिरलंय का तुझं? पण चालले. घामाघूम होईपर्यंत चालले, आणि ती मागून माझ्या चालीने येत राहिली. माझ्यासारख्या बाईची चाल मोजायची गरज कुणाला पडते हो? अंगणवाडीत तीस वर्षं पोरांचं वजन मी मोजलं, उंची मी मोजली. माझं कुणी काही मोजलं नव्हतं.

घरी येऊन तिने सांगितलं, "चारवाला."

"पाचवाला का नाही? सगळं गाव सांगतंय."

"सगळं गाव क्लचच्या गाड्या चालवतं. क्लचवाल्या गाडीला खरंच पाच लागला असता. ही ऑटोमॅटिक आहे. हिच्या आत तेलाचा पंखा असतो, गाडी उठताना तोच जोर वाढवून देतो. इंजिनात ताकद आधीच इतकी आहे. त्यावर पाच लावला तर ब्रेकवरून पाय काढला रे काढला की ती तुमच्या टाचांवर येईल. तीनवर दमते, पाचवर अंगावर येते. चारवर ती एक्सलेटरला हात... पाय न लावता तुमच्या चालीने चालेल." मग आबांकडे बघून म्हणाली, "आणि आबा, हायवेला ऐंशीपर्यंत शांत राहील. त्याच्यावर मात्र आवाज करेल. तेवढं माझ्याकडून तुमचं गेलं."

आबा हात धुवायला उठले.

तिने बसवला. गिअरबॉक्सचं तेल थंड राहावं म्हणून पुढे एक जाळी लावली, आणि डॅशबोर्डवर एक छोटं घड्याळ, तेल किती तापलं ते दाखवणारं. काटा लाल पट्टीत गेला की खेळ खलास. आबांनी एकदा टिटवाळ्यापर्यंत चक्कर मारून आणली. "बोंबलते," एवढंच म्हणाले, आणि चावी तिच्या हातात न देता टेबलावर ठेवली. तिचं तोंड एवढंसं झालं. मी आबांना आत बोलावून जे बोलायचं ते बोलले, ते इथे सांगत नाही.

चौदा एप्रिल. सकाळी विहारात वंदना झाली, त्रिशरण, पंचशील झालं. चार वाजता गाडी निघायला तयार. निळी फुलं, निळे झेंडे, मागच्या सीटवर उंच चौथरा आणि त्यावर प्रतिमा. आबा पुढच्या सीटवर, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, निळा फेटा, चेहरा मात्र अजून फुगलेला. स्टिअरिंगवर साईनाथ. प्रियांका बाहेर उभी राहून त्याला शेवटचं सांगत होती.

"साईनाथभाऊ, एक्सलेटरला अजिबात पाय लावायचा नाही. फक्त ब्रेक. सोडला की चालेल, दाबला की थांबेल."

साईनाथ हसला. "ताई, एक्सलेटर न देता गाडी चालते होय? पंधरा वर्षं ट्रक चालवतोय."

ढोल सुरू झाले. आम्ही लेझीम उचलली. आणि साईनाथने सवयीने दिलाच एक्सलेटर! गाडी अशी झेपावली की मागच्या रांगेतल्या बाया किंचाळत दोन्हीकडे पांगल्या. घाबरून त्याने क्लच दाबायला डावा पाय घातला. आता क्लच आहे कुठे तिला? पाय पडला ब्रेकवर, तोही ट्रकच्या ताकदीने. गाडी जागेवर खिळली, आबांचा फेटा डॅशबोर्डवर, प्रतिमा डुगडुगली. चार हात धावले म्हणून सावरली.

साईनाथचा चेहरा पांढराफटक. तो दार उघडून सरळ खाली उतरला आणि कान पकडले. "ताई, तुम्हीच बसा. माझा डावा पाय माझं ऐकत नाही."

भावजी धावत आले. बघितलं, दुसरा कुणी ऑटोमॅटिक चालवणारा नाही. आबांची तर तासन्‌तास ब्रेकवर पाय धरायची ताकद आता नाही. "बरं, पुलापर्यंत," ते म्हणाले.

ती बसली. आणि मग बाई, काय सांगू! आम्ही चाललो की गाडी चालायची. आम्ही थांबलो की थांबायची. आवाज नाही, धक्का नाही, नुसतं खालच्या पट्टीत घुरघुर. मी मुद्दाम मागे वळून बघितलं, एकदा नाही, दहादा. तिचा उजवा पाय ब्रेकवर, हात सैल. कोपऱ्याकोपऱ्यावर लोक हार घालायला थांबवत, सरबत देत, पोरं गाडीवर चढून सेल्फी काढत, आणि ती आपली थांबायची, निघायची. आंबिवली मागे पडली. शहाडचा पूल समोर आला.

चढ लागला. ऊन अजून उतरलं नव्हतं. गेल्या वर्षी जिथे तेल सांडलं होतं ती जागा आली, आणि आम्ही ठरवून तिथेच थांबून खेळलो. हो, ठरवून! बायांचंच म्हणणं होतं, इथेच खेळायचं. दोन डाव, तीन डाव. गाडी चढावर आमच्या मागे उभी. मग आम्ही निघालो, आणि ती निघाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लेझीम चुकली, बाजूचीच्या कोपराला लागली, तिनेही काही म्हटलं नाही. तिचेही डोळे भरलेले.

चढ संपायला थोडंसं राहिलं होतं. वर सपाटीला कल्याणचे पाहुणे हार घेऊन उभे, दोन-तीन कॅमेरेवाले स्टूलवर चढलेले. इतक्यात भावजी गाडीच्या दाराशी आले. ते हळू बोलले असं त्यांना वाटलं, पण गळ्यात माइक अडकवलेला, सगळ्या पुलाने ऐकलं.

"छान झालं सूनबाई. आता उतर. इथून साईनाथ घेईल, सरळ सपाट रस्ता आहे. कॅमेरे आहेत, पाहुणे आहेत. बाई स्टिअरिंगवर, बरं दिसत नाही."

प्रियांकाने गाडी थांबवली. मीटिंगमध्ये दिलेला शब्द तिने पाळला असता, मला माहीत आहे ना ती. तिचा एक हात दाराच्या कडीकडे गेला.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! मी लेझीम खाली ठेवली आणि रस्त्याच्या मधोमध, गाडीच्या बंपरपुढे, मांडी घालून बसले.

बसल्यावर मात्र मी मलाच विचारलं, कांता, काय केलंस हे? गाडी चढावर आहे. मागे ट्रक, टेम्पो, हजार माणसं. गेल्या वर्षी असंच थांबून थांबून तेल उकळलं होतं. आता माझ्यामुळे ती इथे तापली, धूर आला, तर भावजी जन्मभर सांगत सुटतील की बाईने चालवली आणि बाईनेच बसवली. रागाच्या भरात मीच माझ्या पोरीची माती करणार होते. मी मान वळवून तिच्याकडे बघितलं.

ती माझ्याकडे बघत होती. मग तिने त्या छोट्या घड्याळाकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. कडीवरचा हात काढला, स्टिअरिंगवर ठेवला, आणि ढोलांच्या वर जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आरामात बसा, आई!"

झालं. माझ्यामागे आमच्या सगळ्या बाया खाली. पांढऱ्या साड्यांची एकच बैठक पुलावर. ढोलवाले थांबले. भावजी माझ्याकडे धावले.

"वहिनी, हा काय तमाशा! उठा. मिरवणूक थांबलीय!"

"थांबू दे की. गेल्या वर्षी बाईमुळे थांबली म्हणालात ना? तेव्हा तुमचं म्हणणं खोटं होतं. यंदा खरंच बाईमुळे थांबलीय. सांगा माइकवर."

"अहो, पाहुणे..."

"पाहुण्यांना सांगा, गाडी जिने तयार केली तीच आत आणणार. नाहीतर आम्ही इथेच बसतो. जेवणाचे डबे मागवा."

साईनाथला त्यांनी हाका मारल्या. तो बायांना पाणी वाटत होता. "मी नाही बसणार, अध्यक्ष," तो तिथूनच म्हणाला आणि पुढचा ग्लास भरला.

मग गाडीचं दुसरं दार उघडलं. आबा उतरले. फेटा नीट केला. मला वाटलं आता भावाची बाजू घेतात, महिनाभर फुगलेलेच होते. ते चालत आले, इस्त्रीची पँट गुडघ्यांपाशी जरा वर ओढली आणि माझ्या शेजारी डांबरावर बसले. म्हणाले, "प्रफुल्ल, पळणारी गाडी कुणीही चालवतं. ही अशी चालवायला ती पोरगीच लागते. माइक चालू कर."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या माणसाचा हात मी चारचौघांत कधी धरला नव्हता. त्या दिवशी धरला.

भावजींनी वर पाहुण्यांकडे बघितलं, खाली आमच्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. गाडी नुसती घुरघुरत होती, धुराची रेघसुद्धा नाही. त्यांनी माइकवर टिचकी मारली. मग म्हणाले, "मिरवणुकीची गाडी घेऊन... कल्याणात येत आहेत... आमच्या सूनबाई, प्रियांका रत्नदीप ओव्हाळ." जरा थांबले आणि त्यांना काय वाटलं कोण जाणे, आपणहून पुढे म्हणाले, "गाडीचं सगळं काम त्यांनीच केलेलं आहे."

काय टाळ्या पडल्या! कॅमेरेवाले स्टुलावरून उड्या मारून खाली धावले. ढोल पुन्हा सुरू झाले, बाया भराभर उठल्या, आबांना दोन पोरांनी उठवलं. मला मात्र उठता येईना. डांबर तापलेलं, पाय आखडलेले. मी एक हात टेकला, मग दुसरा. मागून ट्रकवाले हॉर्नवर हॉर्न देत होते, पाहुणे हातात हार धरून ताटकळत होते, भावजी चला चला म्हणत होते.

प्रियांकाने ब्रेकवरचा पाय हलवला नाही. मी सावकाश उठले, साडी झटकली, लेझीम हातात घेतली आणि पहिलं पाऊल टाकलं. मग गाडी निघाली, माझ्या चालीने.